घरची परसबाग व शाळेचे कर्तव्य
(तळेघर परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

प्रास्ताविक

शाळेच्या आवारात दोनचार वाफे असावेत, त्यांत मुलांनी भाजीपाला लावावा व त्यायोगे त्यांना श्रमाची गोडी लागावी, ही कल्पना आपणांस नवीन नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगास जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षणात शेतीच्या मूलभूत ज्ञानाचा समावेश असावा, असे आग्रहाने मांडले होते. १९३७ साली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तिच्यातून नेमल्या गेलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने शेती व बागकाम यांना मूलोद्योगांत स्थान दिले. अगदी अलीकडे, २०१९ साली, केंद्र शासनाने शाळाशाळांतून पोषण परसबागा निर्माण करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे सुमारे एकशे चाळीस वर्षे हा एकच विचार निरनिराळ्या शब्दांत आपल्यापुढे येत राहिला आहे.

असे असूनही शाळेच्या बागेची स्थिती काय असते, हे प्रत्येक शिक्षकाने मनाशी तपासून पाहावे. जूनमध्ये वाफे खणले जातात, ऑगस्टमध्ये ते हिरवेगार दिसतात, हिवाळ्यात पाहुण्यांना दाखविले जातात, आणि मे महिन्यात तेथे वाळलेल्या काटक्यांखेरीज काही उरत नाही. याचे कारण शिक्षकाचा आळस किंवा मुलांची अनास्था हे नव्हे. कारण साधे आहे. उन्हाळ्यात शाळा बंद असते. तेथे पाणी घालणारे कोणी नसते व बहुधा घालावयास पाणीही नसते. शाळेला सुट्टी असते, चुलीला नसते. घरात माणसे राहतात, तेथे रोज भांडी घासली जातात, तांदूळ धुतले जातात, आंघोळी होतात. जेथे रोज पाणी सांडते तेथेच बारमाही बाग जगू शकते.

यास्तव या पाठाचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल : बाग घरी असावी, आणि शाळेने त्या बागेचे बीजघर, रोपवाटिका व विचारविनिमयाचे स्थान व्हावे. शाळेतील वाफा हा फळ्यासारखा आहे. फळ्यावर आपण उदाहरण सोडवून दाखवितो, पण मुलाने ते आपल्या पाटीवर सोडविल्याखेरीज ते त्याचे होत नाही.

परिसराचा विचार

घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तळेघर व भोवतालच्या वाड्या हा आंबेगाव तालुक्याचा पश्चिमेकडील डोंगरी भाग आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची आहे. भात, नाचणी व वरई ही येथील मुख्य पिके. उन्हाळ्यात रानातून हिरडा गोळा करून विकणे हा अनेक कुटुंबांचा रोख पैशाचा आधार आहे. पाऊस चार महिने कोसळतो. खाचरे तुडुंब भरतात, ओढे वाहतात. परंतु उतारावरचे पाणी उतारावरूनच निघून जाते. खाली घोड नदीवर डिंभे धरणाचा विस्तीर्ण जलाशय असूनही, चैत्र-वैशाखात वरच्या अनेक वाड्यांतील आयाबहिणींना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते.

या निसर्गक्रमाचा परिणाम ताटावर कसा होतो, ते पाहणे अगत्याचे आहे. पावसाळ्यात येथे भाजीचा तुटवडा नसतो. टाकळा, कुरडू, भारंगी, तेरे, करटोली, चाईचा मोहोर अशा रानभाज्या निसर्गच पिकवितो. त्यानंतर परसातल्या वेलांना काकडी, दोडका, भोपळा लागतो. हिवाळ्यात वाल व घेवडा येतो. पण होळीनंतर पुन्हा पाऊस पडेपर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीन महिने, कित्येक घरी भाकरीबरोबर कांदा, चटणी किंवा पातळ कालवण एवढेच असते. परसबागेचा कार्यक्रम आखताना हीच पोकळी डोळ्यांपुढे ठेवावी. जुलैमध्ये हिरवी दिसणारी बाग हे या भागात मोठे यश नव्हे. एप्रिलमध्ये ज्या घरी आठवड्यातून तीनचार वेळा हिरवी भाजी शिजते, त्या घरची बाग यशस्वी म्हणावी.

हा केवळ चवीचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये, आणि १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच्या आधीच्या फेरीतील (२०१५–१६) आकडे अनुक्रमे ५३.८ व ४८.० असे होते. वर्गात तिसऱ्या तासाला डोके बाकावर टेकणारे मूल आळशी नसून रक्ताने दुबळे असू शकते. परसबागेने रक्तक्षय एकट्याने नाहीसा होईल, असे मात्र कोणी समजू नये. आरोग्य केंद्राकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांची जागा भाजी घेऊ शकत नाही. पालेभाजीतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. सोबत लिंबू, आवळा यांसारखे काही आंबट असेल तर ते अधिक शोषले जाते, आणि जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने ते कमी होते. एवढी गोष्ट जरी प्रत्येक घरी पोचली तरी भाजी वाया जाणार नाही.

हे ज्ञान कोणापाशी आहे?

लोकशिक्षणाचा कोणताही कार्यक्रम आखताना आपला प्रथम समज असा असतो की, आपणांस माहीत आहे व लोकांना माहीत नाही. परसबागेच्या बाबतीत हा समज तपासून घ्यावा लागेल. या संदर्भात तीन उदाहरणे विचारात घेऊ.

पहिले उदाहरण शेजारचेच आहे. आंबेगावच्या उत्तरेस जुन्नर व जुन्नरच्या उत्तरेस अकोले तालुका आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील या अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील श्रीमती राहीबाई सोमा पोपेरे यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. त्याही महादेव कोळी समाजातल्याच. वाल, घेवडा, भात व नाना प्रकारच्या भाज्या यांचे गावठी बी त्यांनी चिकाटीने जमविले, परसात लावले, वाढविले व इतर बायांना वाटले. बाएफ संस्थेच्या साहाय्याने त्यांच्या घरी बीजकोश उभा राहिला, आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समितीच्या रूपाने त्या कामास सामुदायिक आकार आला. २०१८ साली बीबीसीने जगातील शंभर प्रभावी स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घातले. २०२० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात. संस्थेने येथे राहीबाईंना बियाण्याची ओळख शिकविली नाही. ती त्यांच्यापाशी होतीच. संस्थेने त्या ज्ञानास जागा, मांडणी व प्रतिष्ठा दिली. ही तिन्ही कामे शाळाही करू शकते.

दुसरे उदाहरण दूरदेशचे आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९७२–७३ च्या सुमारास घरी बाग करणाऱ्या लोकांच्या शंका इतक्या वाढल्या की, तेथील राज्य विद्यापीठाच्या मोजक्या कृषी अधिकाऱ्यांना उत्तरे देणे अशक्य झाले. तेव्हा त्यांनी असा मार्ग काढला : बागकामाची आवड असलेल्या नागरिकांना शिक्षण द्यावयाचे, व त्याच्या मोबदल्यात त्यांनी ठरावीक तास शेजाऱ्यांच्या शंका सोडविण्यासाठी विनामूल्य द्यावयाचे. ही पद्धत पुढे त्या देशाच्या सर्व राज्यांत पसरली. अधिकारी एकटा हजार घरी जाऊ शकत नाही, पण शिकलेला शेजारी रोजच भेटतो, हे त्यातील मर्म होय.

तिसरे उदाहरण तर आपल्या पायाखालचे आहे. उतारावर दगडाची ताल रचून, माती सपाट करून भातखाचर तयार करण्याची ‘पडकई’ ही या डोंगरी भागाची जुनी रीत. एका कुटुंबाचे काम अनेक कुटुंबांनी मिळून करावयाचे, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. श्रीमती कुसुम कर्णिक व श्री. आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने डिंभे धरण परिसरातील लोकांबरोबर काम करताना या रीतीस पुन्हा बळ दिले. त्या संस्थेस २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. पडकईत तरुण मुलगा दगड कसा बसवावा हे कोणत्या पुस्तकात वाचीत नाही. जाणत्या माणसाच्या शेजारी उभा राहून शिकतो. लोकशिक्षण म्हणतात ते याहून निराळे काय असते?

या तिन्ही उदाहरणांवरून शिक्षकाची भूमिका स्पष्ट होते. तो येथे एकमेव गुरू नव्हे. जाणत्या आजीस वर्गात आणणारा, तिचे सांगणे मुलांकडून लिहून घेणारा, आणि जेथे नव्या ज्ञानाची जोड हवी तेथे ती देणारा असा तो संयोजक होय.

पाण्याचा हिशेब

नव्या ज्ञानाची पहिली जोड गणिताची द्यावी. बाग किती मोठी असावी, हे जागेवरून न ठरविता उन्हाळ्यात घरातून किती सांडपाणी निघते यावरून ठरवावे. चौथीच्या पुढील मुलांना हा हिशेब सहज जमतो.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी पसरले, तर ते बरोबर एक लिटर भरते. उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्यास दररोज अंदाजे ६ मिलिमीटर पाणी लागते असे धरू. म्हणजे दर चौरस मीटरला ६ लिटर. आता घरातील सांडपाण्याचे दोन भाग करावे. तांदूळ, भाजी धुतलेले व भांडी विसळलेले पाणी हा पहिला भाग. आंघोळीचे व कपड्यांचे साबणाचे पाणी हा दुसरा. एखाद्या घरी १५ लिटरच्या दोन बादल्या पहिल्या प्रकारच्या व दोन दुसऱ्या प्रकारच्या निघतात असे समजा. पहिल्या प्रकारचे पाणी ३० लिटर झाले. ३० भागिले ६ बरोबर ५. म्हणजे त्या घरी उन्हाळ्यात पालेभाजीचे ५ चौरस मीटर, अर्थात अडीच मीटर लांब व एक मीटर रुंद असे दोनच वाफे, जगू शकतात. ज्या घरी याच्या निम्मे पाणी निघते, तेथे एकच वाफा करावा. न जगणाऱ्या दहा वाफ्यांपेक्षा जगणारा एक वाफा अधिक शिकवितो.

साबणाचे पाणी पालेभाजीस घालू नये. मोरीच्या तोंडाशी हातभर खोल खड्डा करून त्यात तळाशी मोठे दगड, वर बारीक खडी व वाळू घालावी. त्यातून पाझरलेले पाणी केळ, पपई व शेवगा यांच्या मुळांकडे न्यावे. पाणी उघड्यावर साचू देऊ नये, कारण तेथे डास होतात. वाफ्यावर वाळलेला पाला, भाताचा पेंढा किंवा तूस यांचे आच्छादन घातल्यास ओल अधिक काळ टिकते. शाळेत दोन सारख्या कुंड्यांत एक आच्छादित व एक उघडी ठेवून, कोणती आधी सुकते हे मुलांना प्रत्यक्ष दाखवावे.

वर्षाचा क्रम

कामाचा क्रम गावच्या कामाशी जुळवून घ्यावा. भातलावणीच्या किंवा हिरड्याच्या दिवसांत सभा बोलावल्यास कोणी येणार नाही, आणि न येण्यात त्यांची चूकही नाही.

वैशाख–ज्येष्ठ : पाऊस पडण्यापूर्वी वेलांसाठी उंचवट्यावर आळी करून त्यांत कुजलेले शेणखत व राख मिसळावी. दोडका, घोसाळे, कारले, काकडी, दुधी व लाल भोपळा यांचे बी लावावे. वेल मांडवावर किंवा घराच्या पाख्यावर चढवावेत. जमिनीवर पसरलेले वेल या भागाच्या पावसात कुजतात.

आषाढ–श्रावण : भातलावणीचा हंगाम. या काळात नवे काम काढू नये. मात्र शेवग्याचे फाटे, केळीचे कोंब, पपईची रोपे व कढीपत्ता पावसाच्या उघडिपीत लावून घ्यावीत. शेवगा उंचवट्यावर लावावा. त्याच्या मुळाशी पाणी तुंबल्यास तो मरतो. उन्हाळ्यात जे झाड ताटात भाजी घालणार आहे, त्याची लागवड पावसाळ्यातच व्हावयास हवी. ही दृष्टी मुलांना देणे हा या पाठाचा महत्त्वाचा भाग आहे.

भाद्रपद–आश्विन : पावसाचा जोर ओसरताना वाल व घेवडा लावावा. वाफे वीतभर उंच व मीटरभर रुंद करावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो व आत पाय द्यावा लागत नाही. २०१८ सालापासून सप्टेंबर महिन्यात राष्ट्रीय पोषण माह पाळला जातो. अंगणवाडी सेविका त्या निमित्ताने मातांना एकत्र आणतात. शाळेने आपली सभा त्याच वेळी घ्यावी.

कार्तिक–पौष : मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर यांचे बी टाकावे, वांगी व टोमॅटो यांची रोपे लावावीत. मेथी व कोथिंबीर एकदम न पेरता पंधरापंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी, म्हणजे भाजी एकदम येऊन वाया जात नाही.

माघ–चैत्र : माठ, तांदुळजा, अंबाडी व चवळी ही उन्हास तोंड देणारी पिके दोन वाफ्यांत ठेवावीत. पिकलेला लाल भोपळा देठासकट काढून कोरड्या हवेशीर जागी ठेवल्यास काही महिने टिकतो. वाळविलेले वाल तर वर्षभर टिकतात. उन्हाळ्याचे ताट असे तीन आधारांवर उभे राहते : मोरीकडचे शेवगा व पपई, वाफ्यातला माठ, आणि शिंक्यावरचा भोपळा व गाडग्यातले वाल.

बी धरणे

विकत आणलेल्या पाकिटावर चालणारी परसबाग पाकीट संपले की थांबते. म्हणून बी धरण्याचे शिक्षण अवश्य द्यावे. संकरित वाणाचे बी पुन्हा धरून पेरल्यास पुढच्या पिढीत मूळचे गुण एकसारखे उतरत नाहीत; गावठी, सरळ वाणाचे बी धरता येते. ते कसे धरावे, याचे चार नियम मुलांकडून पाठ करून घ्यावेत.

पहिला : शेवटचे, उरलेसुरले फळ बियासाठी ठेवू नये, निरोगी व जोमदार वेलावरील उत्तम फळ खूण बांधून राखावे. दुसरा : फळ वेलावरच पूर्ण पिकू द्यावे. तिसरा : बी सावलीत वाळवावे, दाताखाली धरताच कट्कन मोडले तर ते वाळले असे समजावे. चौथा : कोरड्या राखेत मिसळून गाडग्यात भरावे, तोंड बंद करावे, व वर वाणाचे नाव, घराचे नाव आणि वर्ष लिहून ठेवावे.

वाल बहुतांशी आपल्याच फुलातील परागांनी फळतो. त्यामुळे त्याचे वाण शुद्ध राहते. भोपळा, काकडी, दोडका यांच्यात मधमाश्या एका वेलाचे पराग दुसऱ्यावर नेतात; म्हणून एकाच पिकाचे दोन वाण जवळजवळ लावून बी धरल्यास मिश्रण होते. सकाळी भोपळ्याच्या वेलाशी मुलांना नेऊन नरफूल व मादीफूल ओळखावयास लावावे. फुलाखाली इवलासा भोपळा असेल ते मादीफूल. पुस्तकातील परागीभवनाचा पाठ तेथे दहा मिनिटांत समजतो.

एक गोष्ट येथे गांभीर्याने सांगावयाची आहे. एखाद्या घरी आजीच्या गाडग्यात असलेला वाल कदाचित सबंध वाडीत दुसऱ्या कोणापाशी नसेल. ती आजी गेली, पुढच्या पावसात ते गाडगे उघडले गेले नाही, तर चार वर्षांत ते बी उगवेनासे होते. त्यानंतर तो वाण कोणत्याही दुकानातून विकत आणता येत नाही. पुस्तक जळाले तर दुसरी प्रत छापता येते. बियाण्याची प्रत फक्त मातीत निघते, आणि तीही वेळेवर पेरले तरच.

शाळेने करावयाचा कार्यक्रम

१. घरोघरची पाहणी. प्रत्येक मुलाने आपल्या परसाचा नकाशा काढावा. त्यात मोरी, गोठा, उकिरडा, झाडे व सावली दाखवावी. घरी कोणकोणते बी आहे, ते किती वर्षांपासून आहे व कोणी आणले, हे आजी-आजोबांना विचारून लिहावे.

२. आजीचा तास. महिन्यातून एकदा एका जाणत्या स्त्रीस शाळेत सन्मानाने बोलवावे. खुर्ची द्यावी, पण भाषणाचा आग्रह धरू नये. हातात बी किंवा खुरपे द्यावे व मुलांनी प्रश्न विचारावेत. “आजी, हा वाल कधी लावायचा?” “याला किडा लागला तर तुम्ही काय करता?” शिक्षकाने उत्तरे फळ्यावर लिहावीत, मुलांनी वहीत. ज्या आजीस स्वतःला अक्षर येत नाही, तिचे बोलणे फळ्यावर उमटलेले पाहून तिच्या नातवास जे वाटेल, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून शिकविता येणार नाही.

३. बीजपेटी. वर्गात एका कोरड्या पेटीत वाणवार पुड्या ठेवाव्यात. नियम एकच : मूठभर बी न्यावे व पीक आल्यावर दोन मुठी परत द्यावे. नोंदवही मुलांनीच ठेवावी.

४. रोपवाटिका. शाळेच्या बागेचा मुख्य उपयोग हा. वांगी, टोमॅटो, पपई व शेवगा यांची रोपे येथे वाढवून दिवाळीपूर्वी किंवा पावसाच्या आरंभी घरोघर द्यावीत. मे महिन्यात शाळेतला वाफा रिकामा असला तरी हरकत नाही. रोपे तेव्हा घरी मोठी झालेली असतात.

५. वाडीफेरी. दर महिन्यास एका वाडीत मुले, माता, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांनी मिळून चारपाच परसे पाहावीत. ज्या घरी काम अडले असेल, तेथे पडकईच्या रीतीने सर्वांनी तासभर हात लावावा. रोग-किडीची जी शंका गावात सुटत नाही, ती लिहून घोडेगावच्या तालुका कृषी कार्यालयाकडे किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राकडे विचारावी, आणि आलेले उत्तर पुढील फेरीत सर्वांना वाचून दाखवावे.

दक्षता

हा कार्यक्रम स्पर्धेचा होऊ देऊ नये. ज्या घरी परस नाही, पाणी नाही किंवा आईवडील कामासाठी बाहेरगावी गेले आहेत, त्या मुलास कमीपणा वाटता कामा नये. फुटक्या घमेल्यातली कोथिंबीर व पाख्यावर चढविलेला एक वेल, हीदेखील बागच होय. मुलांकडून शिक्षकाच्या स्वतःच्या बागेचे काम करून घेणे सर्वथा वर्ज्य समजावे. बागकाम ही शिक्षाही होऊ नये. ज्याला खोड्यांबद्दल खुरपे दिले जाते, तो पुढे खुरप्याचाच तिरस्कार करतो.

बागेसाठी घरामागचा डोंगर कोरू नये. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळली व दीडशेहून अधिक माणसे दगावली, हे आपण विसरू शकत नाही. उतारावरील माती व पाणी यांना जपूनच हात लावावा. वाफे उतारास आडवे घ्यावेत व पावसाचे पाणी वाहून जाण्याची वाट मोकळी ठेवावी. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले आहे; त्याच्या हद्दीतून रोपे उपटून आणू नयेत. रानभाजी खुडावी, पण कंद-मुळे शाबूत ठेवावीत, आणि जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय कोणतीही अनोळखी भाजी मुलांनी खाऊ नये. कोंबड्या व गुरे यांपासून वाफा राखण्यासाठी करवंदीच्या वाळलेल्या फांद्यांचे कुंपण पुरते.

समारोप

आपल्या मुलांपैकी अनेकजण पुढे घोडेगाव, मंचर, पुणे येथे शिकावयास जातील, आणि जावेतही. परंतु जाताना त्यांच्या मनात असे राहू नये की, शाळेत होते ते ज्ञान व घरी होते ते अज्ञान. घरच्या आईस व आजीस जे येते, त्याचा शाळेने एकदा तरी आदराने धडा केला, तर मूल त्या दोन्ही ठिकाणांचे राहते. पुढील उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांनी एखादे दिवशी वाडीत फेरी मारावी. शाळेचे दार बंद असेल. पण मोरीकडचा शेवगा फुलावर असेल, वाफ्यात माठ असेल, आणि त्यास तांदळाचे धुवण घालणारे मूल आपलेच असेल, तर वर्षाचे काम झाले असे खुशाल समजावे.

शिक्षकांच्या अभ्यासमंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत होळीनंतर पाऊस पडेपर्यंत कोणकोणत्या भाज्या मिळतात? दहा घरांची पाहणी करून महिनावार यादी करा.

२. आपल्या शाळेतील एका मुलाच्या घरचे दिवसाचे सांडपाणी मोजून, उन्हाळ्यात जगेल एवढ्या बागेचे क्षेत्रफळ काढा.

३. आपल्या गावात बियाण्याविषयी सर्वांत जाणती व्यक्ती कोण? तिचा एक तास घेण्यासाठी मुलांकडून काढावयाचे पाच प्रश्न तयार करा.

४. कोणते एखादे गावठी वाण आपल्या गावातून नाहीसे झाले आहे? ते शेजारच्या कोणत्या गावी अद्याप मिळेल, याची चौकशी कशी कराल?